वाफा वीतभरच उंच ठेवा

पोरांनो, खान्देशात भाजीचा वाफा वीतभर उंच असावा. त्याहून जास्त नको. हल्ली मोबाइलवर बघून कॉलनीतल्या अंगणात गुडघाभर उंचीच्या लाकडी पेट्या उभ्या राहायला लागल्या आहेत. दिसायला देखण्या, पण त्या थंड आणि ओल्या मुलखातल्या. तिकडे वसंतात माती लवकर तापावी म्हणून ती वर उचलतात. आपल्याकडे माती तापवायला कोणाची मदत लागत नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की पेटीच्या चारही बाजू तापतात, माती कडेने सुटते आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. लाकडाचं म्हणाल तर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ते उधईच्या पोटात गेलेलं असतं.

मग वाफा उचलायचाच कशाला, असं विचाराल. आपल्या काळ्या जमिनीसाठी. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. श्रावणात चार दिवस झड लागली की सपाट वाफ्यात पाणी उभं राहतं, मुळांना हवा मिळत नाही, मिरची आणि टोमॅटो उभ्याउभ्या माना टाकतात. वरचं रान हिरवं दिसत असतं आणि खाली मूळ कुजलेलं असतं. वाफा वीतभर वर असला की जास्तीचं पाणी बाजूच्या सरीत उतरतं, मुळं वाचतात. शेतात हे कोणाला सांगावं लागत नाही. रावेर-यावलचे केळीवाले गादीवाफ्यावर ठिबक टाकून रोपं लावतातच. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठीच रुंद वरंबा आणि सरीची पद्धत बसवली: दीड मीटरच्या पट्ट्यात एक मीटर वाफा, अर्धा मीटर सरी. आता सोयाबीनवाले ती बीबीएफ म्हणून वापरतात. अंगणातल्या चार पालेभाज्यांनाही हेच गणित लागू आहे. कॉलनीच्या प्लॉटवर आणखी एक कारण सापडतं. घर बांधताना टाकलेला मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटची ढेकळं खणून काढत बसण्यापेक्षा वर नवी माती चढवणं सोपं.

माझं माहेर साक्री तालुक्यातलं, पांझराकाठचं. सासर यावल तालुक्यातलं. पाण्याचं शहाणपण वडिलांकडून आलं, वांग्याचं सासूबाईंकडून. दोन्ही तुमच्या पदरात टाकते, घ्यायचं ते घ्या.

पहिली गोष्ट पाण्याची. लोक आधी जागा मोजतात. तुम्ही आधी बादल्या मोजा. पांझरेवर फडाची पद्धत होती, काही गावांत अजून आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग. त्या एकेका भागाला फड म्हणायचं. एका फडात एकच पीक, दरसाल पिकाची पाळी फिरती. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार. यातली खरी अक्कल पुढे आहे: नदीला पाणी कमी असलं की एखादा फड त्या साली कोरडा ठेवायचा. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन सगळ्या फडांत असल्यामुळे नुकसानही सगळ्यांचं थोडं थोडं. विश्वेश्वरय्या १८८४ साली सरकारी नोकरीत लागले तेव्हा सुरुवातीचं काम त्यांनी याच भागात केलं. दातर्तीला पांझरेच्या पाटासाठी त्यांनी सायफन बांधला. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली, तीही पाळीपाळीने पाणी आणि पीक फिरवण्याचीच. एवढ्या मोठ्या इंजिनिअरला जे पटलं ते तुम्हाला अंगणात पटायला हरकत नाही.

म्हणून अंगणात एक मोठा वाफा करू नका, चार लहान करा. चार फड समजा. दहा फूट लांब, चार फूट रुंद. चार फुटांहून रुंद केलात तर मधल्या रोपापर्यंत हात पोचत नाही आणि मग पाय वाफ्यात पडतो. काळ्या मातीत ओल्या वाफ्यावर एकदा पाय पडला की तिथली माती विटेसारखी होते, मोसमभर तिथे काही नीट येत नाही. दोन वाफ्यांमध्ये हातभर सरी ठेवा. तीच पायवाट, तीच पावसाचं पाणी निघून जायची वाट. सरीचा उतार घराच्या पायाकडे नको, एवढं बघा.

आता बादल्यांचा हिशेब. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दहा बाय चारचा वाफा पावणेचार चौरस मीटरचा. हिवाळ्यात भाजी दिवसाला साधारण चार मिलिमीटर पिते, म्हणजे वाफ्याला एक बादली, पंधरा लिटर. मे महिन्यात तोच वाफा दोन ते अडीच बादल्या मागतो. चार वाफे म्हटले की आठ-दहा बादल्या, रोज. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात एवढं कुठून आणाल? म्हणून पावसाळ्यात चारही वाफे चालवा. हिवाळ्यात तीन चालवा, चौथ्यावर ताग पेरा आणि फुलावर आला की मातीत गाडा. उन्हाळ्यात एकच वाफा जिवंत ठेवा, बाकीचे झाकून टाका. बाग उन्हाळ्यात लहान दिसली म्हणून कोणी नावं ठेवत नाही. जळालेली बाग बघून मात्र ठेवतात.

वाफा भरायची वेळ आखाजीची. अक्षय्य तृतीयेला माहेरवाशिणी झोक्यावर असतात तेव्हा पुरुषमंडळींना हे काम लावा. एका वाफ्याला तीस घनफूट माल लागतो, चार वाफ्यांना एकशेवीस. त्यात दोन भाग माती, एक भाग खत. म्हणजे माती ऐंशी घनफूट, ब्रासला थोडी कमीच. माती कुठली? नदीकाठचा पोयटा मिळाला तर सोनं. धरणाचा गाळ हल्ली सहज मिळतो, सरकारची गाळ काढायची योजना २०१७पासून आहे. पण नुसता गाळ वाफ्यात भरू नका. शेतात तो पसरून नांगरला जातो, वाफ्यात तो थापला जातो. गाळ असेल तर खताचा वाटा वाढवून निम्मा करा. कोणी सांगेल की काळ्या मातीत थोडी वाळू टाका, मोकळी होते. थोड्या वाळूने काही होत नाही, उलट घट्ट बसते. माती मोकळी करतं ते खत.

आणि खत म्हणजे कुजलेलं शेणखत. ताज्या शेणात हुमणीची अळी येते, उधई येते. कुजलेलं खत ओळखायचं कसं? मूठभर घेऊन नाकाशी न्या. शेणाचा वास आला तर अजून दोन-तीन महिने राहू द्या. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर घाला. वाफ्यामागे दोन-तीन किलो निंबोळी पेंड आणि खतात कालवलेली ट्रायकोडर्मा पावडर घातली की मर रोगाचं निम्मं भय गेलं. जळगाव जिल्ह्यात असाल तर तळाशी केळीच्या खांबाचे तुकडे अंथरा. घड काढल्यावर शेतकरी ते बांधावर टाकून देतो, विचारलंत तर उचलून न्या म्हणेल. त्यात पाणी भरपूर, पालाशही भरपूर. पावसाळाभर ते हळूहळू कुजतं आणि वाफा खालून ओला राहतो. फक्त त्यामुळे वाफा बसतो, म्हणून भरताना वीतभरापेक्षा चार बोटं जास्त भरा.

एक गोष्ट घालू नका: चुलीची राख. कोकणातल्या तांबड्या मातीत राखेचा उपयोग होतो. आपली माती आधीच विम्लधर्मी, चुनखडीची. त्यात राख म्हणजे आजाऱ्याला तेच दुखणं पुन्हा. भेंडीची किंवा चवळीची नवी पानं पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर समजा, मातीत लोह आहे पण झाडाला घेता येत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, त्यात चमचाभर लिंबाचा रस, संध्याकाळी पानांवर फवारा.

वाफा भरून झाला की लगेच पेरू नका. भरपूर पाणी द्या, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवा आणि कडा मातीने दाबा. आखाजीपासून मृगापर्यंत खान्देशातलं ऊन फुकटचं औषध आहे. प्लॅस्टिकखालची ओली माती इतकी तापते की तणाचं बी आणि मर रोगाची बुरशी बरीचशी मरते. काळं प्लॅस्टिक आणू नका, पारदर्शकच. लव्हाळा मात्र यालाही दाद देत नाही. त्याच्या गाठी खोल असतात, त्या भरण्याआधीच टिकावाने खणून काढाव्या लागतात. एक गाठ राहिली तरी तो पुन्हा उठतो.

मृगाचा पाऊस झाला की घाई होते. थांबा. वापसा येऊ द्या. मूठभर माती घ्या, दाबा, मग अंगठ्याने ढकला. फुटून भुगा झाली तर पेरा. अंगठ्याखाली चकाकली आणि लांबली तर आणखी दोन दिवस हात घालू नका. हा एक कानमंत्र पाळलात तरी तुमचा वाफा शेजाऱ्याच्या वाफ्याहून चांगला येईल.

पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी, आणि मांडवावर गिलकं, दोडकं, कारलं. वाफे दक्षिणोत्तर करा, म्हणजे दोन्ही अंगांना ऊन मिळेल, आणि मांडव पश्चिमेला उभा करा. तीन वाजल्यानंतरचं ऊन झाडाचा जीव घेतं, ते गिलक्याच्या वेलाने अडवलं की मागच्या पालेभाजीला सावली. डांगराला वाफा देऊ नका. त्याला कंपाउंडच्या कोपऱ्यात आळं करून द्या, ते आपलं आपलं भिंतीवर चढतं. हस्ताचा पाऊस ओसरला की मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा. या चौघांना एकदम सगळा वाफा देऊ नका. दर दहा दिवसांनी एक एक ओळ पेरा. नाहीतर एका आठवड्यात घरभर मेथी आणि पुढच्या आठवड्यात बाजाराची पिशवी.

आता वांगं. बाकी काही नाही लावलं तरी चालेल, पण खान्देशात राहून भरिताचं वांगं लावलं नाही तर परसबाग केली कशाला! जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. भालोद-बामणोदकडचं वांगं फिकट हिरवं, अंगावर पांढऱ्या रेषा, लांबट आणि मोठं. रोप गादीवाफ्याच्या एका कोपऱ्यातच करा. ओळीत बी, वर चाळलेलं खत बोटाच्या पेराइतकं, आणि ऊन-पावसापासून गोणपाट. रोप वीतभर झालं, पाच-सहा पानांवर आलं की लावा. श्रावणात लावलेलं झाड चंपाषष्ठीच्या आसपास फळावर असतं. चातुर्मासात वांगं खायचं नाही आणि चंपाषष्ठीला भरीत-भाकरीचा नैवेद्य करायचा, हे धर्माने सांगितलं आणि झाडालाही तेच सोयीचं आहे. झाडांत अडीच फूट अंतर ठेवा. दहा फुटी वाफ्यात दोन ओळींत सात-आठ झाडं बसतात. चौघांच्या घराला पाच झाडं पुष्कळ झाली.

सासूबाई सकाळी उठल्या की चहाआधी वांग्याच्या वाफ्याशी जायच्या. बघायच्या ते शेंडे. बाकीचं झाड टवटवीत आणि एखादाच शेंडा मान टाकून लोंबत असला की त्या तो बोटभर खालून मोडून घ्यायच्या आणि नखाने चिरायच्या. आत गुलाबीसर अळी. हीच पुढे फळात शिरते आणि तुमच्या भरितात निघते. मोडलेला शेंडा वाफ्याशेजारी टाकलात तर अळी चालत परत येते. चुलीत घाला, नाहीतर साबणाच्या पाण्यात बुडवा. ही नजर रोज ठेवली तर पाच झाडांना फवारणी लागत नाही. लागलीच तर निंबोळी अर्क. लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळ्या ठेचून रात्रभर भिजवा, गाळा, साबणाचं थोडं पाणी मिसळा, आणि ऊन उतरल्यावर फवारा. निंबोळ्या जून-जुलैत गोळा करून सावलीत वाळवून ठेवाव्या लागतात. डिसेंबरात झाडाखाली शोधत फिरू नका.

तोडायचं कधी? कातडी चकाकत असेल तोवर. चमक गेली की बी जून झालं. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं लागेल ते भरिताला. जड वांग्यात बी जास्त. भाजायला कपाशीच्या काट्या असल्या तर गॅसकडे बघू नका. हे बागकामात मोडत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. बियाण्यासाठी चांगल्या झाडावरचं एक फळ पिवळं होईपर्यंत ठेवा. गिलक्याचं तर आणखी सोपं. एक गिलकं वेलावरच वाळू द्या, बी पुढच्या मृगापर्यंत त्यातच राहू द्या. जाळीचा घासणीला उपयोग होतोच.

शेजार बघून भाजी निवडा. घराला लागून केळीची नवी लागवड असेल तर काकडी, दोडकं, वांगं, टोमॅटो त्या बाजूला लावू नका. केळीला लागणारा सीएमव्ही हा विषाणू काकडीवर्गीय वेलांवर आणि वांगी-टोमॅटोवरही राहतो, आणि मावा तो इकडून तिकडे नेतो. तुमच्या दोन वेलांपायी शेजाऱ्याची बाग धोक्यात येऊ नये. त्याच्याशी उभा दावा व्हायचा! धुळ्याकडे शेजार कपाशीचा असतो. कपाशी संपत आली की पांढरी माशी तुमच्या भेंडीवर उतरते. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेलं झाड औषधाने बरं होत नाही, ते उपटा. पिवळे चिकट कागद लावले तर माशी किती आली ते कळतं.

पाणी द्यायच्या दोन पद्धती. ठिबक तर आपल्या घरचं. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी जळगावात कारखाना उभा केला आणि नळीचे तुकडे गावोगावच्या दुकानात मिळायला लागले. वाफ्याला सोळा मिलिमीटरच्या दोन नळ्या, फुटाफुटावर ताशी दोन लिटरचा ड्रिपर. वीस ड्रिपर म्हणजे तासाला चाळीस लिटर. हिवाळ्यात वीस-पंचवीस मिनिटं पुरे. टाकी गच्चीवर असेल तर मोटर लागत नाही, मात्र दाब कमी असल्याने थोडा वेळ जास्त द्या. तोंडाशी जाळीचा फिल्टर घाला. बोअरचं पाणी जड असतं, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार धरतो. महिन्यातून एकदा नळीचं शेवटचं टोक उघडून पाणी सोडा.

दुसरी पद्धत कुंभाराकडची. रंग न दिलेलं, झिलई न केलेलं सहा-सात लिटरचं मडकं गळ्यापर्यंत वाफ्यात पुरायचं, भरायचं, झाकण ठेवायचं. मडकं पाझरतं तेवढंच पाणी मुळं घेतात, ऊन काही घेत नाही. उन्हाळ्यात जो एक वाफा जिवंत ठेवायचा त्यात अशी तीन मडकी पुरा आणि भोवती तांदुळजा, गवार, काकडी. झाकण विसरू नका, नाहीतर डास होतील.

आणि आच्छादन. गव्हाचा भुसा, केळीची वाळलेली पानं, शेंगांची टरफलं, जे मिळेल ते चार बोटं जाड. भेगाळणारी माती मुळं तोडते. आच्छादनाखाली भेग पडत नाही. रोपाच्या बुडाला मात्र ते चिकटवू नका, पावसाळ्यात बुंधा कुजतो.

कोकोपीट गच्चीवरच्या कुंड्यांना ठेवा, जमिनीवरच्या वाफ्याला ते विकत आणणं म्हणजे पैसे पाण्यात. वाफ्याला कड हवीच असेल तर विटा उभ्या लावा किंवा काळा दगड. नसली तरी उतरती माती थापून काम भागतं.

पहिल्या वर्षी एकच वाफा करा, चारांची जागा आखून ठेवा. यंदाच्या आखाजीला माती आणि खत आणा, मृगाच्या आत वाफा बसलेला हवा. तोवर जमलं नाही तर पावसाळ्यात चिखलात हात घालू नका. वाफा गणपतीनंतर वापसा बघून भरा आणि हस्तात मेथी पेरा, ती महिन्याभरात ताटात येते.